काचपेटीतला मासा कोणाच्या खात्यावर?

अवधूताचे चोवीस गुरू दत्तभक्तांना नव्याने सांगायला नकोत. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूताने ते सांगितले, आणि तो अवधूत म्हणजेच आपले दत्त महाराज, असं परंपरा मानते. त्या चोविसांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, कबुतर आहे, अजगर आहे आणि मासाही आहे. गळाच्या आमिषापायी मासा जीव गमावतो, म्हणून जिभेला आवर घालायला त्याच्याकडून शिकावं, हे कीर्तनातून आपण अनेकदा ऐकलेलं असतं. हा गुरू आता पुष्कळांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत राहायला आला आहे. कुठे नातवंडाच्या हट्टासाठी, कुठे वास्तूसाठी, तर कुठे मुलं परदेशी गेली आणि घरात काहीतरी हलतं-डुलतं असावं म्हणून. आणि मग एखाद्या सकाळी तो पाण्यावर आडवा तरंगताना दिसतो. किंवा दिसतच नाही. काल आठ होते, आज मोजले तर सात.

अशा वेळी घरात निघणारे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. सूतक लागतं का, हा पहिला. सूतक सगोत्र-सपिंडांच्या नात्याशी जोडलेलं आहे, तेव्हा देवपूजा थांबवायचं कारण नाही. पण पाप लागतं का, हा दुसरा प्रश्न इतक्या झटपट सुटत नाही.

त्याचं एक सोयीस्कर उत्तर घरोघर तयार असतं. ‘माशाने आपल्यावरचं संकट स्वतःवर घेतलं.’ आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवावा, काळा गेला की घरातली पीडा टळली समजावं आणि लगेच दुसरा आणावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हे पटत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना दुखवायचं नाही, पण या समजुतीने एक गोष्ट नक्की होते : मासा कशाने मेला, हे कोणी पाहातच नाही. त्याच पाण्यात दुसरा सोडला जातो, तोही महिन्याभरात जातो, आणि घर म्हणतं, किती संकटं टळली बघा! ज्याचं रक्षण करायचं त्यालाच ढाल केली, आणि वर त्याच्या मरणाचा आनंद मानला.

आपल्या शास्त्राने गृहस्थाला याहून प्रामाणिक हिशोब शिकवला आहे. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थानं, पंचसूना, असं मनुस्मृती सांगते. घर चालवायचं तर मुंगी मरणार, धान्यातला किडा मरणार, पाण्यातला सूक्ष्म जीव मरणार. त्याचं परिमार्जन म्हणून रोजचे पंचमहायज्ञ. म्हणजे ‘माझ्या घरात कोणी मरतच नाही’ असं म्हणायची मुभाच ठेवलेली नाही. पाचवं स्थान पाण्याचं भांडं आहे, हे वाचताना मला काचपेटीची आठवण होते. फरक इतकाच, की घागरीशिवाय घर चालत नाही, काचपेटीशिवाय चालतं. टाळता न येणाऱ्या हिंसेसाठी जी सवलत आहे, ती हौसेला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. हौसेने आणलेल्या जीवाच्या बाबतीत आपलं देणं जास्तच होतं.

आता तो मरतो कशाने, ते पाहू. बहुतेक वेळा पाण्याने. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, आणि मासा मात्र गुदमरत असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खालच्या खड्यांवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी पेटी आणतो आणि रविवारीच दहा मासे सोडतो. शिवाय स्वच्छतेच्या आवडीने सगळं पाणी ओततो, खडे घासतो, स्पंज नळाखाली धुतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाचे कल्लेही जाळतं आणि ते उपकारी जिवाणूही मारतं. त्यापेक्षा आठवड्याला चौथाई पाणी बदलावं. तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं, किंवा क्लोरीन घालवणारं औषध टाकलेलं. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

दुसरं कारण म्हणजे आपलं प्रेम. सकाळी आजोबा दाणे टाकतात, दुपारी आजी, शाळेतून आला की नातू. मासा प्रत्येक वेळी वर येऊन तोंड उघडतो, आणि प्रत्येकाला वाटतं, बिचारा उपाशी आहे. दोन मिनिटांत संपेल इतकंच द्यावं. उरलेलं तळाशी कुजतं आणि पुन्हा अमोनियाच होतो. गळाचं आमिष निदान कोळी पोटासाठी लावतो. इथे आपण मायेने टाकतो, आणि माशाची जीभ आपल्याच हातात असते. अवधूताने माशाकडून घेतलेला धडा या घरात माशाने नव्हे, माणसांनी गिरवायचा आहे.

तिसरं कारण भांड्याचं. भागवतातच आठव्या स्कंधात सत्यव्रत राजाची कथा आहे. कृतमाला नदीवर तर्पण करताना त्याच्या ओंजळीत एक छोटा मासा आला आणि त्याने अभय मागितलं. राजाने त्याला कलशात ठेवलं. एका रात्रीत कलश पुरेना. मग मोठं भांडं, मग तळं, मग मोठी सरोवरं, शेवटी समुद्र. तो मत्स्यावतार होता हे राजाला नंतर कळलं. त्याआधी तो एका साध्या माशासाठीच भांडी बदलत होता. आपल्याकडे गोल काचेच्या बाउलमध्ये गोल्डफिश ठेवतात आणि तो चार महिन्यांत गेला की ‘यांचं आयुष्यच तेवढं’ म्हणतात. नीट सांभाळला तर गोल्डफिश 10 ते 15 वर्षं जगतो, काही त्याहूनही जास्त, आणि वितीएवढा वाढतो. गप्पीचं आयुष्य मात्र साधारण दोन वर्षांचंच. त्यामुळे म्हातारा होऊन गेलेल्या गप्पीबद्दल कोणी स्वतःला दोष देत बसू नये.

मेलेला निदान दिसतो. हरवलेल्याचं काय? ‘असेल कुठेतरी झाडामागे’ म्हणून आपण दिवा बंद करतो. पण शोधलं पाहिजे. फिल्टरच्या मागे, दगडांच्या फटीत, आणि पेटीला झाकण नसेल तर टेबलाखाली, कपाटामागे. मासे उडी मारतात. उडी मारलेला ओला असेल, कल्ले हलत असतील, तर कधी कधी परत पाण्यात टाकल्यावर वाचतोही. पेटीतच मेला असेल तर लहान मासा गोगलगाई आणि इतर मासे एक-दोन दिवसांत संपवतात, मागे काटाही सापडत नाही. मोठा असेल तर कुजून बाकीच्यांचं पाणी नासवतो. शोध घ्यायचा तो उरलेल्या सातांसाठी.

आणि कधी कधी तो खाल्ला गेलेला असतो. लोक म्हणतात, निसर्गच आहे, मोठा मासा लहानाला खाणार. याला जुन्या ग्रंथांत मत्स्यन्याय म्हणतात. पण मत्स्यन्याय केव्हा चालतो? राजा नसतो तेव्हा. समुद्राला राजा नाही, पण दोन फुटी काचपेटीला आहे. तिथे पळायला जागा नाही, आणि कोणाशेजारी कोण राहील हे गृहस्थाने दुकानात उभं राहून ठरवलेलं असतं. त्या पेटीत निसर्गाचं नाव सांगून सुटता येत नाही.

मेलेल्याला जाळीने लगेच काढावं. हाताला जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल तर, हातमोजा घालावा. पेटीच्या पाण्यातून जखमेला संसर्ग होऊ शकतो. संडासात टाकू नये, नदीत तर नाहीच. घरच्या कुंडीत वीतभर खोल पुरावा. तुळशीची कुंडी नको वाटत असेल तर झेंडूची, जास्वंदीची चालेल.

पुण्य म्हणून जिवंत मासे नदीत सोडणारेही आहेत, त्यांना हात जोडून विनंती. काचेला चिकटणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांनी सोडलेला हा मासा आज भारतातल्या अनेक नद्यांत पसरला आहे आणि तिथल्या मूळ माशांचं अन्न आणि जागा बळकावतो आहे. सांभाळणं होत नसेल तर दुकानदाराला परत द्यावा, किंवा दुसऱ्या हौशी घरी द्यावा.

राहिला दुःखाचा प्रश्न. एकट्या राहणाऱ्या बाईला मासा गेल्यावर रडू आलं, तर तिला कबुतराचा दृष्टांत देऊन आसक्ती सोडायला सांगणारे निघतात. तो दृष्टांत स्वतःसाठी आहे, दुसऱ्याच्या घरी जाऊन ऐकवण्यासाठी नाही. आणि मुलांचं म्हणाल तर, शाळेतून यायच्या आत तसाच दुसरा मासा आणून सोडणारे आईबाप मी पाहिले आहेत. मूल फसतंही. पण त्याने नाव ठेवलेला जीव असा बदलता येतो, हेही ते कधीतरी शिकतं. त्याला कुंडीपाशी न्यावं, माती लोटू द्यावी. ‘आपण मारला का?’ असं विचारलं, तर ‘आपल्याकडून पाणी बिघडलं होतं’ एवढं खरं सांगावं, आणि काल भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी मगाने, हळूहळू, त्याच्याच हाताने पेटीत घालू द्यावं.