घर बांधणाऱ्या संस्थेला जाब कुणी विचारायचा?

पन्हाळा तालुक्यात बाजारभोगावच्या बाजूला पावसाळ्यात झड आडवी येते. म्हणून तिथली जुनी घरं पश्चिमेच्या अंगाला पडवी काढतात. जळण तिथं कोरडं राहतं आणि भिंतही वाचते. २०१९च्या महापुरानंतर गृहनिर्माणाचं काम करणाऱ्या ज्या संस्थेत मी होतो, तिच्या नकाशात पडवी नव्हती आणि नेमकी पश्चिमेलाच खिडकी होती. जोतं भरण्याआधीच घरातल्या मावशी म्हणाल्या, "झड सगळी चुलीवर यायची बघा." मी ते संस्थेच्या समन्वयकांना लेखी कळवलं. नकाशा वरून मंजूर होऊन आलाय, एवढंच उत्तर मिळालं. पहिल्याच पावसाळ्यात आतला गिलावा फुगला आणि खिडकीला प्लास्टिकचा कागद ठोकावा लागला.

समन्वयकांनी पैसे खाल्ले, असं मी म्हणत नाही. त्यांना बांधकामातलं कळत नव्हतं आणि त्यांची किंमत ठरत होती ती मार्चअखेर पूर्ण झालेल्या घरांच्या आकड्यावर. पाणी मारायला माणूस नसला तरी भिंत चढतच राहायची. मुख्य कार्यालयाला पाठवलेलं आमचं पत्र 'अभिप्रायासाठी' त्यांच्याच टेबलावर परत यायचं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच निवाडा. मग गवंडी बोलेनासा झाला, आम्ही कार्यकर्ते बोलेनासे झालो आणि घरवाल्यांनी तर फुकट मिळणाऱ्या घराबद्दल बोलायचं नसतं, हे आधीच मनाशी धरलं होतं.

सरकारी घरकुलावर आपण सगळेच टीका करतो आणि ती रास्तही आहे. सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांच्या मूळ मदतीत घर उभं करायचं म्हणजे कर्ज आलंच. पण प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते, त्यावर अपील करता येतं, आणि ठेकेदाराला मनाई असल्यामुळे घर बांधून घेणारा स्वतः घरवालाच असतो. नियम मोडले जातात, हे खरं. तरी मोडलेल्या नियमाकडे बोट दाखवता येतं. संस्थेच्या यादीला ग्रामसभा नाही. धर्मादाय कार्यालयाकडे लेखापरीक्षित हिशेब जातो, पण ओल धरलेली भिंत त्या कागदात दिसत नाही.

यात देणगीदारांचाही वाटा मोठा आहे. त्यांना पैसा घरात गेलेला हवा असतो; साइटवरच्या अभियंत्याचा पगार त्यांना उधळपट्टी वाटतो. २०२०च्या कायदादुरुस्तीने विदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. संस्थाचालकांच्या चैनीला आळा बसावा, हे योग्यच. पण कात्री लागते तेव्हा ती आधी तालुक्याच्या कार्यालयाला लागते, आणि कमी पगारावर मिळेल तो माणूस तिथं बसतो.

घरं उभारण्याचं हे काम महाराष्ट्रात वेगळ्या रीतीने करून झालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. इतर शेकडो गावांत मात्र लोकांनी मदतीच्या पैशातून आपली घरं स्वतः दुरुस्त केली. तिथं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीने गावातल्याच बायका संवाद सहाय्यक म्हणून नेमल्या गेल्या. साहित्य कसं वापरायचं, मजबुतीकरण नीट झालं का, हे बघणाऱ्यांत त्या होत्या. ज्या घरात राहायचं, त्या घरावर देखरेख करण्याइतकी अक्कल खेड्यातल्या बाईला असते, हे तेव्हा मानलं गेलं. पन्हाळ्यात आम्ही ते मानलं नाही.

म्हणून विश्वस्तांना आणि देणगीदारांना माझी विनंती आहे. यादी आणि प्रत्येक घराचा खर्च ग्रामसभेत वाचून दाखवा. तक्रार थेट विश्वस्तांकडे जाऊ द्या. अभियंत्याच्या पगाराची तरतूद घराच्या खर्चातच धरा, त्यासाठी दोन घरं कमी झाली तरी चालतील. आणि नकाशा कायम करण्यापूर्वी पाऊस कुठून येतो, ते घरातल्या बाईला विचारा.