एकशे सव्विसावी सून

"ओयदिपौसबद्दल कणव वाटायला फार मोठं मन लागत नाही," आत्या म्हणाली. "त्याला ठाऊकच नव्हतं. बापाला मारलं ते न ओळखता, आईशी लग्न केलं तेही न ओळखता. अजाण माणसाला आपण पटकन माफ करतो आणि त्यालाच करुणा म्हणतो."

विषय निघाला होता पुलंच्या 'राजा ओयदिपौस'वरून. पण बोलणं रायपुरात चाललेलं, तेव्हा ते हबीब तन्वीरांच्या 'बहादुर कलारिन'वर येणारच होतं. तन्वीर इथलेच, 1923चा जन्म. 1978 साली त्यांनी छत्तीसगढी कलावंतांना घेऊन हे नाटक उभं केलं. बहादुरचं काम फिदाबाईंचं. बालोदकडच्या सोरर गावची ही दंतकथा. दारू विकणारी देखणी कलारिन, येऊन निघून गेलेला राजा, त्याच्यापासून झालेला मुलगा छछान. छछान 126 बायका करतो, एकही मनाला येत नाही, आणि शेवटी आईलाच सांगतो की मला तूच हवीस. आई गावाला बजावते, याला कोणी पाणी द्यायचं नाही. त्याला पोटभर जेवू घालते. तहानलेला तो विहिरीवर जातो तेव्हा त्याला आत ढकलते, आणि स्वतःही जीव देते.

"म्हणजे करुणेसाठी तुझं मत बहादुरला," मी म्हटलं. "पण तिनं पोटच्या पोराचा खून केलाय."

"ओयदिपौसच्या आईनं, योकास्तानं, कमी केलं? घोटे टोचलेलं तान्हं बाळ डोंगरावर टाकायला मेंढपाळाच्या हाती तिनंच दिलं. ते वाचलं ते त्याला दया आली म्हणून."

"आणि त्या दयेनंच सगळा घात केला. मग माझं मत मेंढपाळाला. अख्ख्या नाटकात एक निखळ चांगलं काम त्यानं केलं, आणि राजा त्याचे हात पिरगाळायला लावून ते वदवून घेतो."

"मेंढपाळ घरी गेला रे. योकास्ताला घर राहिलं नाही. तिला नवऱ्याच्या आधी कळतं. ती विनवते, आता पुढं विचारू नकोस. तो ऐकत नाही, ती आत निघून जाते. तेवढा वेळ ते ओझं तिचं एकटीचं. बहादुरला तर कळल्यावर चूल पेटवायची होती. रांधायचं, वाढायचं, अजून थोडं घे म्हणून आग्रह करायचा."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण एक गोष्ट टोचत होती.

"तिला नेमकं कधी कळलं? छछान बोलला तेव्हा, की चाळिसावी सून मनातून उतरली तेव्हाच? योकास्तालाही नवऱ्याच्या घोट्यांवरचे व्रण दिसले असतीलच. कळूनही न कळल्यासारखी राहिली असेल, तर बहादुरच्या त्या मधल्या सुनांचं काय?"

सोररच्या खडकात उखळांसारखे खळगे आहेत. त्या बायकांच्या कांडणाचे, असं सांगतात. तिकडे सांगितली जाणारी एक कथा नाटकाहून वेगळी आहे. तीत छछान मुली पळवून आणून कांडायला बसवतो आणि आई त्यांच्यासाठी पोराला संपवते. कलार समाज बहादुरला आजही पूजतो. तन्वीरांनी वासनेचा धागा पुढं आणला. नाटक त्यानं खोल झालं, पण त्या बायका मागं सरकल्या, असं मला वाटतं.

"सव्वाशे जणींसाठी कसं रडणार?" आत्या म्हणाली. "एकीचं तरी नाव माहीत आहे?"

"ही आपल्या करुणेची अडचण झाली. ओयदिपौसच्या थीब्समध्येही माणसं रोगानं मरतायत, बायकांची बाळंतपणं वाया जातायत, आणि आपण राजाचे फुटलेले डोळे बघत बसतो."

"मग तू रड त्यांच्यासाठी. माझी बहादुर मला राहू दे."

"तिला आधीच शंका आली असेल तरी?"

"तेव्हा तर जास्तच. असली शंका कोणती आई तोंडावर आणेल? ती म्हणेल, आणखी एक सून बघू, या वेळी तरी निभेल."

"आणि ती नवी सून?"

"तिच्यावर अन्याय झाला. बहादुरनंच केला, कबूल. पण गुन्हा घडला म्हणून दुःख कमी होतं का?"

"हे त्या एकशे सव्विसाव्या सुनेच्या आईला सांगशील?"

"नाही," आत्या म्हणाली. "तेवढं तोंड मला नाही. पण मत तेच राहील."