हात धुणे आणि हात झटकणे

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे जुनी माणसे म्हणत. या म्हणण्यात भीती आहे, तसाच एक संकेतही आहे. एक जीव दुसऱ्या जिवाला वाट देत असताना जवळ तिसरे माणूस असले पाहिजे, हा तो संकेत. सुइणीच्या जागी डॉक्टर आले, तरी तो बदलला नाही. २०२० च्या महासाथीत मात्र माणसाने माणसाजवळ जाणे हाच धोका ठरला आणि या संकेताची कसोटी लागली. साथीपासून जीव वाचावेत म्हणून केलेल्या बंदोबस्तापायीच कोणी दगावले, तर त्या मरणाचे उत्तर कोणी द्यायचे?

नेपाळातील नऊ इस्पितळांची त्या वर्षीची पाहणी या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. टाळेबंदीपूर्वी तेथे आठवड्याला सरासरी १,२६१ बाळंतपणे होत. टाळेबंदीत ती ६५१ वर आली. मृत जन्मांचे प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेले आणि नवजात अर्भकांच्या मृत्यूचे हजारी १३ वरून ४० वर. घराबाहेर पडू शकल्या त्या बहुधा अडलेल्याच बायका असतील, असे म्हणून यातला काही भाग समजून घेता येईल. पण मग न आलेल्या निम्म्या कोठे आणि कशा बाळंत झाल्या, हा प्रश्न अधिकच बोचतो. याच पाहणीत आणखी एक नोंद आहे. प्रसूतीच्या वेळी कर्मचारी पूर्वीपेक्षा अधिक नियमाने हात धुऊ लागले होते. कळा चालू असताना पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणे मात्र कमी झाले होते.

यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. कोणी म्हणेल, रोग नवा, औषध ठाऊक नाही. अशा वेळी सावधगिरी बाळगली, यात चुकले काय? सावधगिरी चूक नव्हतीच. परंतु साथ नवी होती, बाळंतपणातला धोका नवा नव्हता. रक्तस्राव, आकडी, आडवे आलेले मूल ही संकटे कोणताही हुकूम पाळत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, लग्न पुढे ढकलता येते. भरलेले दिवस पुढे ढकलता येत नाहीत. अज्ञात संकटाच्या भयाने ज्ञात संकटाकडे पाठ फिरवणे, याला सावधगिरी म्हणता येत नाही.

लसीच्या बाबतीतही हेच घडले. गर्भवतीवर प्रयोग नकोत, या दयाबुद्धीने तिला पहिल्या चाचण्यांतून वगळले गेले. परिणामी तिच्यासाठी पुरावाच उरला नाही. आपल्या देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. गर्भवतींना परवानगी मिळाली ती २ जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. जिचे रक्षण करायचे, तिलाच रक्षणाबाहेर ठेवणारी ही दया कोणत्या जातीची?

मला वाटते, दोष आपल्या हिशेबाच्या रीतीत आहे. केलेल्या कृतीने मरण आले तर आपण स्वतःला अपराधी मानतो. न केलेल्या कृतीने आले तर त्याला दैव म्हणतो. साथीने गेलेल्यांचा आकडा रोज जाहीर होत होता. वाटेत गाडी न मिळाल्याने दगावलेल्या बाळंतिणीला त्या आकड्यात जागा नव्हती. जे मोजले जात नाही, त्याची लाजही कोणाला वाटत नाही.

दुसरी वाट नव्हती, असे नाही. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखून ठेवण्यात आले, आणि तेथे संसर्ग झालेल्या शेकडो स्त्रिया बाळंत झाल्या. भीती तेथेही असणारच. पण बाईपासून दूर राहणे हा तिच्यावरचा उपाय मानला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही बाधित आईने मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ घ्यावे, पाजावे, असाच सल्ला दिला. हात धुवायचे ते जवळ जाता यावे म्हणून. दूर राहण्यासाठी धुतलेले हात आणि झटकलेले हात यांत फारसे अंतर राहत नाही. पुढची साथ येईल तेव्हाही कळा सुरू होतीलच. त्या वेळी दाराशी कोण उभे राहणार, हे आजच ठरवून ठेवले पाहिजे.