एक सूत

आम्ही नाशिककर मोजमापाच्या बाबतीत मोठे दिलदार. गोदावरीला पूर आला की पाणी किती फूट चढलं असं आम्ही विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, एवढंच विचारतो. गुडघ्याला, कमरेला की छातीला? मारुतीचा गुडघा जमिनीपासून नेमका किती उंच, याची चौकशी कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मीही याच गावचा. दुधात पाणी किती आणि बसला उशीर किती, यावरून मी कधी भांडलेलो नाही. पण घरात सुतार आला की कुठून कोण जाणे, माझ्या हातात फूटपट्टी येते.

बारा वर्षांपूर्वी आमच्या जुन्या नाशकातल्या घरी, माजघराच्या खिडकीला एका मिस्त्रीनं नव्या सागवानी झडपा बसवल्या. काम संपल्यावर मी झडप आणि चौकट यांच्यामध्ये पट्टी घातली. एका सुताची फट! आठ सुतांचा एक इंच, हे मला त्याच मिस्त्रीनं शिकवलं होतं. ते ज्ञान मी त्याच्यावरच चालवलं आणि मजुरीतून तीनशे रुपये कापले. तो काहीतरी सांगत होता. मला ते ऐकू आलं नाही. मी न्यायदान करत होतो, आणि न्यायदान करताना माणसाला जरा कमीच ऐकू येतं.

यंदा उन्हाळ्यात पुढच्या खोलीतल्या खिडकीला वाळवी लागलेली दिसली. मजुरीचा आजचा दर ऐकला आणि मला स्वावलंबनाचं महत्त्व एकदम पटलं. आमच्याकडे जुने वाडे उतरवले की त्यांचं लाकूड वखारीत येतं. तिथून जुन्या सागाच्या झडपांची एक जोडी आणली. रंधा, पटाशी, गुण्या, बिजागऱ्या, स्क्रू असा सरंजाम जमवला. चौकट म्हातारी, एका खांद्यानं खचलेली. गुण्या लावला तर एकही कोपरा काटकोनात नाही. तीन रविवार आणि डाव्या हाताचा एक अंगठा खर्ची पडला. पण खिडकी बसली! वरच्या बाजूला अर्ध्या इंचाची फट होती, खाली मात्र पोस्टकार्डही जाणार नाही इतकी गच्च. येईल त्याला मी खालची बाजू दाखवायचो. वरचं विचारलंच कुणी, तर म्हणायचो, "ती हवेसाठी आहे."

हे आठ-दहा वेळा ऐकल्यावर आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "माजघरातली एका सुताची चूक, आणि इथली चार सुतांची हवा. असं कसं हो?"

वाचकहो, नीतिशास्त्रावरचे जाड ग्रंथ ज्या प्रश्नापाशी अडखळतात तो हाच. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८४ सालच्या एका निबंधात माणसाला वाकड्या लाकडाची उपमा दिली आहे. आपल्याकडे तर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे पोरंसुद्धा जाणतात. पण का दिसत नाही? मला वाटतं, स्वतःच्या कामात आपल्याला घाम दिसतो आणि दुसऱ्याच्या कामात फट. मिस्त्रीचाही अंगठा कधी सोलला असेल; तो काही पट्टीवर मोजता येत नाही.

इथवर मी नुसता विचारच करत होतो. आषाढ लागला आणि पुढची खिडकी उघडेना. लाकूड झाडापासून सुटलं तरी पाणी पिणं सोडत नाही. पावसाळी हवेतला ओलावा ओढून ते रुंदीला फुगतं. मी खांदा लावून बघितला, मग शेजाऱ्यांचाही. माजघरातली खिडकी मात्र एका बोटानं उघडत होती. गेले बारा पावसाळे ती तशीच उघडत होती, आणि न अडणाऱ्या खिडकीचं कौतुक करायचं असतं हे मला सुचलं नव्हतं. पूर्वी रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट ठेवत, उन्हात लोखंड वाढतं म्हणून. हे मी शाळेत घोकून गुण मिळवले होते. लाकडाचा तसला प्रश्न परीक्षेत आला नव्हता.

छत्री घेतली आणि पंचवटीत मिस्त्रीच्या दुकानी गेलो. मनात हिशेब चालू. तीनशेच द्यायचे की व्याजासकट? माझ्याच दरानं चार सुतांचा दंड बाराशे होत होता. शेवटी पाचशेची नोट पुढे केली आणि सगळं सांगितलं.

"साहेब, ती फट राहिली नव्हती, ठेवली होती," तो म्हणाला. "पावसाळ्यात लाकडाला अंग पसरायला जागा नको?"

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगत होतो ना. तुम्ही पट्टी वाचत होतात."

खरं सांगतो, तो "राहू द्या साहेब, जुनी गोष्ट झाली" म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. चूक कबूल करायला गेलेला माणूस खिशात पैसे नेतो, पण मनात सूट मागत असतो. त्यानं नोट घेतली, गल्ल्यातून दोनशे काढून परत दिले. म्हणाला, "माझे तीनशेच होते." माप त्याच्याकडेही होतं, फक्त ते दोघांना एकच होतं.

मग मी खिडकीचं काढलं. "आता रंधा मारायचा नाही," तो म्हणाला. "फुगलेलं तासलं तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडेल. दसऱ्यानंतर लाकूड सुकलं की येतो. तोवर थांबा."

येताना गोदाघाटावर उभा राहिलो. पाणी मारुतीच्या पावलांशी होतं. इतकी वर्षं बघतोय, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघायला जरा संकोच वाटला. त्याला दोन तोंडं, म्हणून गाव त्याला दुतोंड्या म्हणतं. पण दोन्ही तोंडांसमोर नदी एकच. मला तोंड एक, आणि पट्ट्या दोन.

खिडकी अजून बंदच आहे. ही म्हणते, "दसऱ्यापर्यंत काळजी नको. वर हवेसाठी सोय आहेच!"