तमोगुणाची बाजू

जबलपूरच्या शक्ती भवनात मध्य प्रदेशाच्या वीजकंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, आणि तेथील दफ्तरांत सांख्यदर्शन शोधायला कोणी जाणार नाही. तरीही रीवा जिल्ह्यात गुढ येथे ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिल्यापासून, सत्त्व ते ग्राह्य आणि तम ते त्याज्य ही आपली सोयीची वाटणी मला पूर्वीइतकी निर्वेध वाटत नाही.

सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने सत्त्वाला लघु व प्रकाशक म्हटले, तमाला गुरु व आवरक. सूर्याची वीज या लक्षणाप्रमाणे निखळ सात्त्विक : धूर नाही, राख नाही, फिरणारे चाकसुद्धा नाही. परंतु वळवाच्या एखाद्या सायंकाळी वाहिनीवर वीज कोसळून दोष उत्पन्न झाला, की संरक्षक यंत्रणा तो तोडीपर्यंतच्या सेकंदाच्या दशांशाएवढ्या अवधीत भोवतालच्या साऱ्या इलाख्यातला विजेचा दाब बसतो. गल्लीतल्या कारखान्यात ट्यूबलाइट मिणमिणते, कॉन्टॅक्टर सुटतो, लेथ थांबते आणि कारागिराला पुन्हा हिरवे बटण दाबावे लागते. बिरसिंगपूरची औष्णिक किंवा बरगी धरणाची जलविद्युत् यंत्रे, जड म्हणून लक्षणाने तामस, अशा क्षणी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह दोषाकडे लोटून दाबाला टेकू देतात. सौर इन्व्हर्टरमधील अर्धवाहक मात्र नेमून दिलेल्या प्रवाहापेक्षा फार थोडे अधिक सोसतात. म्हणून भर दुपारी सूर्यामुळे जुने संच बंद ठेवले, तर तोच दोष दाब अधिक खोल नेतो आणि अधिक लांबवर जाणवतो. दाब नेहमीच्या १५ टक्क्यांवर आला तरी ३०० मिलीसेकंद वीजजाळ्याला धरून राहावे, हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दंडक सौर केंद्राला पळू देत नाही, एवढेच. आधार देण्याचे अंगभूत बळ त्याने येत नाही.

कोळशाच्या धुराची वकिली मला करावयाची नाही. धूर आणि भार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्या यंत्रावरून उत्तम कळते ते सिंक्रोनस कंडेन्सर : ना वाफ, ना पाणी, वीज निर्माण करण्याची जबाबदारीही नाही, जाळ्याचीच थोडी वीज खाऊन ते जड चक्र अहोरात्र फिरत राहते आणि दोषाच्या क्षणी दाबाला तसाच टेकू देते. नीतिवाद्याने त्याला आळशी म्हणावे काय? कारिकाकाराने तिन्ही गुण परस्परविरुद्ध असूनही दिव्याप्रमाणे एका प्रयोजनासाठी एकत्र नांदतात असे सांगितले, आणि गीतेच्या चौदाव्या अध्यायाने तर सत्त्वालाही बंधनांतच गणले; आपल्या कीर्तनांत मात्र तमाच्या वाट्याला बहुधा निंदाच आली.

आता इन्व्हर्टरलाच गणिताने जडत्वाचे अनुकरण शिकवितात, आणि ते बऱ्याच अंशी साधतेही. परंतु प्रवाहाची मर्यादा वाढवायची, तर बहुतेक वेळ रिकामी राहणारी सामग्री विकत घ्यावी लागते, आणि तिचा खर्च कोणाच्या खाती टाकावा याची तजवीज अजून व्हायची आहे.