बिनपगारी गडी

देवगडजवळच्या एका वाडीत दोघा भावांची हापूसची बाग होती. वडील गेल्यावर मधोमध गडगा घालून वाटणी झाली. दोन्हीकडे सारखीच कलमं, सारखाच कातळ. थोरल्याच्या वाट्याला दोन रायवळ आंबे आले, धाकट्याच्या वाट्याला तीन. थोरल्याने आपले दोन्ही पहिल्याच वर्षी तोडले. "रायवळाला बाजारात कोण विचारतो? उगाच जागा अडवून बसलेत," तो म्हणाला.

पौषात मोहोर फुलला. थोरल्याला त्यावर चार तुडतुडे दिसले आणि त्याने पंप सुरू केला. आठवड्याने पुन्हा एक फवारणी, मग आणखी एक. झाडांखाली माश्या, ढालकिडे, कोळी मरून पडले. "एक किडा शिल्लक ठेवला नाही," असं तो गडग्यावरून समाधानाने सांगायचा.

धाकट्यानेही औषध मारलं होतं, पण फुलं उमलण्याआधी. मोहोर फुलल्यावर त्याने पंप खोपीत ठेवून दिला. रोज सकाळी तो मोहोर हातात धरून न्याहाळायचा. त्यात तुडतुडे असायचे, तसे त्यांना खाणारे कोळी आणि क्रायसोपाच्या अळ्याही असायच्या. ऊन चढलं की माश्या आणि सातेरी मधमाश्या रायवळावरून हापूसवर, हापूसवरून रायवळावर फिरायच्या.

काही आठवड्यांत थोरल्याच्या कलमांखाली गोटीएवढ्या कैऱ्यांचा खच पडला. वाचलेले तुडतुडे भराभर वाढले, कारण त्यांना खाणारं कोणी उरलंच नव्हतं. पानांवर चिकटा पडून काजळी धरली. थोरला मूठभर गळलेल्या कैऱ्या घेऊन गडगा ओलांडून आला.

"तुझ्याकडे कैरी टिकली कशी? खत कुठलं घातलंस?"

धाकट्याने त्यातली एक कैरी कोयत्याने उभी चिरली. आत बी धरलंच नव्हतं.

"दादा, एका मोहोराला १,००० च्या वर फुलं येतात, पण त्यांतली बहुतेक नर. उरलेल्यांपर्यंत पराग पोचला तरच फळ धरतं. आंब्याचा पराग चिकट, वाऱ्याने फारसा जात नाही. तो या माश्याच नेतात. त्यातही हापूसला दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर फळधारणा चांगली होते. तू रायवळ तोडलेस, माश्या मारल्यास. मग पराग यायचा कुठून आणि आणायचा कोणी?"

"पण तुडतुडे मोहोराचा रस शोषून घेतात, त्यांचं काय?"

"त्यांच्यावर नजर ठेवायची. औषध लागलंच तर फुलं उमलण्याआधी मारायचं. फुलोऱ्यात मात्र या बिनपगारी गड्यांना त्यांचं काम करू द्यायचं."

पुढच्या पावसाळ्यात थोरल्याने गडग्याच्या कडेने केसरची कलमं आणि रायवळाची रोपं लावली. त्यांना मोहोर यायला काही वर्षं लागणार होती. तोवर धाकट्याच्या तीन रायवळांवर दोघांचीही भिस्त होती, कारण माश्यांना काही गडगा अडवत नाही.

बोध : मजुरी मागत नाही म्हणून कुणाचं काम कमी मोलाचं ठरत नाही. बागेतला प्रत्येक जीव शत्रू समजून मारला, तर शत्रू लवकर परततो, मित्राची मात्र वाट पाहावी लागते.