चार पास्कल

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका गावात एका सुताराने स्वतःसाठी घर बांधलं. वडिलांचं जुनं घर फटींनी भरलेलं. शेगडी कितीही पेटवा, पायाला गार वारा लागायचाच. त्या वाऱ्यावर सूड उगवावा तशी त्याने नव्या घरात एकही फट राहू दिली नाही. खिडक्यांना तिहेरी काच, सांधे न् सांधे टेपने बंद. इतक्या बंद घरात माणसं गुदमरतील म्हणून हवा खेळती ठेवणारं यंत्र बसवलं. त्याचा एक पंखा स्वयंपाकघर-न्हाणीघरातली कोंदट हवा बाहेर टाकतो, दुसरा ताजी हवा आत आणतो आणि जाता जाता जुनी हवा आपली ऊब नव्या हवेला देऊन जाते.

दोन हिवाळ्यांनंतर त्याला शेगडी हवीशी वाटली. सुताराच्या घरी लाकडाला काय तोटा! काचेच्या दाराची लोखंडी शेगडी आली. पण तिकडे शेगडी आणली म्हणून लगेच पेटवता येत नाही. आधी त्या भागाच्या अधिकृत धुराडेवाल्याने पाहून मंजुरी द्यावी लागते. काळ्या पोशाखातल्या या माणसाला जर्मन लोक शुभशकुनी मानतात. सुताराला त्या दिवशी तो तसा अजिबात वाटला नाही.

"यंत्र आणि शेगडी एकाच वेळी चालणार असतील, तर मध्ये दाबाचा पहारेकरी हवा," धुराडेवाला म्हणाला. "खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा ४ पास्कलहून जास्त खाली गेला, की तो यंत्र बंद करेल."

"पण दोन्ही पंखे सारखीच हवा ओढतात आणि सोडतात. दाब खाली जाईलच कशाला?"

"सारखे चालतात तोवर नाही जाणार."

"आणि शेगडीला बाहेरून हवा आणणारा वेगळा पाइप आहे. दुकानदार म्हणाला, तेवढा पुरे."

"पाइप आहे, पण शेगडीचं दार आणि सांधे हवाबंद असल्याचं प्रमाणपत्र या मॉडेलला नाही. ही खोलीतली हवा घेणारच."

सुताराने कुरकुरत पैसे मोजले. चार पास्कल म्हणजे किती, तर पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही हलणार नाही एवढा दाब. एवढ्याशासाठी एवढा खर्च!

नोव्हेंबर-डिसेंबर सुखात गेले. जानेवारीत पारा उणे बारावर उतरला आणि पहारेकऱ्याने उच्छाद मांडला. संध्याकाळी शेगडी रंगात आली, की यंत्र बंद, लाल दिवा चालू. सकाळी सगळं ठीक. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

सुताराचा मेहुणा वायरमन. तो आला, पेटी उघडून आत डोकावला आणि हसला. "नाजूक असतात रे हे. दोन वायरी एकमेकींना जोडतो, कटकट संपली. असली कामं मी डोळे मिटून करतो."

सुतार तयारच होता. बायकोने मात्र पेटीचं झाकण लावून टाकलं. "बिघडलेली वस्तू थंडी बघून बिघडत नाही," ती म्हणाली. "परवा जरा ऊब होती, तेव्हा हा गप्प होता. आधी धुराडेवाल्याला बोलवा."

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. खिडक्या-दारं बंद करायला लावली, एक बारीक नळी बाहेर सोडून दाबमापक जोडला आणि यंत्रापाशी कान देऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने सुताराला खुणेने बोलावलं. दोन पंख्यांपैकी एकाचाच आवाज येत होता.

ताजी हवा आणणारा पंखा थांबला होता. बाहेर कडाक्याची थंडी असली, की ऊब देवघेवीच्या भागात बर्फ धरतो. तो धरू नये म्हणून कित्येक यंत्रं आतली हवा बाहेर टाकत राहतात आणि बाहेरची घेणं थांबवतात. हे यंत्र बसलं तेव्हा घरात शेगडी नव्हती, त्यामुळे बसवणाऱ्याने ती सोय तशीच ठेवली. त्याचंही चुकलं नव्हतं, शेगडीवाल्याचंही नाही. फक्त दोघांनी मिळून हे घर कधी पाहिलं नव्हतं.

मापकावर आकडा चढत होता: तीन, साडेतीन, चार, पाच. पहारेकऱ्याने यंत्र बंद केलं. धुराडेवाल्याने तपासणीपुरतं पहारेकऱ्याला बाजूला ठेवलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, धूर सोडणारी कांडी शेगडीच्या दाराच्या फटीशी धरली. धुराची बारीक रेघ आत जायला हवी होती. ती क्षणभर थबकली आणि सुताराच्या चेहऱ्याकडे वळली. धुराडेवाल्याने लगेच खिडकी उघडली.

"आत्ता ज्वाळा आहे, धुराडं तापलेलं आहे, तरी हे," तो म्हणाला. "मध्यरात्री नुसते निखारे उरतात. धुराडं निवतं, ओढ मंदावते, आणि निखाऱ्यांतून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड झालं, तरी माणसाला वाटतं दिवसभराचा शीण आहे, आणि तो झोपायला जातो."

बायकोने सुताराकडे पाहिलं नाही, हे तिचं मोठेपण.

उपाय फार अवघड निघाला नाही. येणारी हवा आधीच थोडी गरम करणारा हीटर लावायचा, म्हणजे बर्फ धरणार नाही आणि पंखा थांबणार नाही. यंत्रात शेगडीसाठीची सेटिंग चालू करायची. हवा घेणाऱ्या बाजूचा फिल्टर वेळेवर बदलायचा, कारण तो चोंदला तरी तोल असाच बिघडतो. शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हीटर बसेपर्यंत शेगडी पेटवायची नाही. "आणि पहारेकरी?" सुताराने विचारलं.

"तो राहील. उद्या आणखी काय बंद पडेल ते तुम्हाला-मला कुठे ठाऊक आहे?"

धुराडेवाला नळी गुंडाळायला लागला. मेहुणा इतका वेळ दाराशी उभा होता, एक शब्द बोलला नव्हता. आता त्याने घाईघाईने कोट चढवला.

"तुम्ही आत्ता माझ्या घरी येऊ शकाल?" तो म्हणाला. "माझ्याकडच्या दोन वायरी मी मागच्या हिवाळ्यातच जोडल्यात. आणि मुलं शेगडी पेटवून बसली असतील."